बेरीज, बाकी आणि ६१७४

पायथन शिकायला नुकतीच सुरुवात केलेला विद्यार्थी पहिला प्रोग्राम लिहितो तो दोन संख्यांच्या बेरजेचा. तो १२ देतो, मग ३० देतो आणि पडद्यावर उत्तर येतं १२३०. प्रोग्राम कुठे अडकत नाही, एररही येत नाही. संगणकाने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. की-बोर्डवरून जे काही येतं ते पायथनचं ‘इनपुट’ अक्षरांची माळ म्हणूनच घेतं. दोन माळांमध्ये अधिकचं चिन्ह आलं की पायथन त्या एकापुढे एक जोडतो. ‘राम’ अधिक ‘राव’ म्हणजे ‘रामराव’, तसं १२ अधिक ३० म्हणजे १२३०. त्या माळांना ‘इंट’ वापरून पूर्णांक बनवलं की उत्तर ४२ येतं.

एवढ्याशा प्रोग्रामातून विद्यार्थ्याला एक मोठी गोष्ट कळते. कागदावर लिहिलेला १२ माणसाला आपोआप संख्या वाटतो, यंत्राला तो संख्या आहे हे सांगावं लागतं. पुढे वर्षानुवर्षं प्रोग्राम लिहिताना ज्या चुका छळतात, त्यांतल्या कितीतरी याच जातीच्या असतात.

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत मराठी वाचकाने करून पाहावी अशी एक गंमतही आहे. प्रोग्राम चालू असताना देवनागरी आकड्यांत १२ टाइप केलं तरी ‘इंट’ ते बिनतक्रार ओळखतो आणि हिशेब बरोबर करतो, उत्तर मात्र इंग्रजी आकड्यांत छापतो. ‘बेरीज’, ‘व्याज’, ‘मुद्दल’ अशी व्हेरिएबलची नावं देवनागरीत दिली तरी चालतात. प्रोग्रामच्या मजकुरात थेट लिहिलेली संख्या मात्र इंग्रजी आकड्यांतच हवी, तिथे देवनागरी आकडा दिसला की एरर येते.

प्रोग्रामिंगची सुरुवात अंकगणिताने करण्याची रीत जुनी आहे. १ मे १९६४ च्या पहाटे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांची ‘बेसिक’ ही भाषा पहिल्यांदा चालली. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा हा तिच्यामागचा हेतू होता. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर इंजिनिअरिंगच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. त्यातला सुरुवातीचा प्रोग्राम सरळव्याजाचा आहे: मुद्दल १०००, मुदत ३ वर्षं, दर साडेआठ टक्के. उत्तर २५५, तोंडी काढता येण्याजोगं. पुढच्या स्वाध्यायात मूळ पगारावर ४० टक्के महागाई भत्ता आणि २० टक्के घरभाडे भत्ता धरून एकूण पगार काढायचा असतो.

ही उदाहरणं साधी वाटतात, पण ती निवडण्यामागे चांगलं कारण आहे. नवशिक्याने लिहिलेला गेम चुकला तर चूक चित्रात आहे, आवाजात आहे की नियमांत, हे शोधण्यातच संध्याकाळ जाते. सरळव्याज चुकलं तर बरोबर उत्तर आधीच कागदावर तयार असतं. गणित माहीत आहे, सूत्र माहीत आहे, तेव्हा चूक आपल्या सूचनेतच आहे हे विद्यार्थ्याला मान्य करावं लागतं. शिकण्याच्या दृष्टीने इतकी स्वच्छ परिस्थिती क्वचितच मिळते.

टक्केवारीचंच उदाहरण घ्या. दहावीत ५०० पैकी ४३७ गुण मिळाले. गुण भागिले एकूण, गुणिले शंभर, हे सूत्र शाळेतल्या कुणालाही येतं. ‘सी’ भाषेत दोन्ही संख्या ‘इंट’ म्हणून घेऊन हे सूत्र जसंच्या तसं लिहिलं, तर निकाल येतो शून्य टक्के. दोन पूर्णांकांचा भागाकार सीमध्ये पूर्णांकच असतो. ४३७ ला ५०० ने भागलं की भाग शून्याने जातो, दशांश चिन्हापुढचं सगळं टाकून दिलं जातं आणि उरलेल्या शून्याला शंभराने गुणलं तरी शून्यच राहतं.

हुशार विद्यार्थी यावर तोडगा काढतो: आधी शंभराने गुणायचं, मग भागायचं. आजच्या कंपायलरवर याचं उत्तर ८७ येतं. खरं उत्तर ८७.४ आहे, म्हणजे दशांश गेलाच, पण निदान आकडा ओळखीचा दिसतो. हाच प्रोग्राम टर्बो सीवर चालवला तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. निळ्या पडद्याचं ते टर्बो सी आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये दीर्घकाळ टिकून होतं, आणि कंट्रोल आणि एफ नाईन दाबून प्रोग्राम रन करण्याची सवय अनेकांच्या बोटांना अजून असेल. त्यात ‘इंट’ला फक्त १६ बिट मिळत, त्यामुळे सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. आता ४३७ गुणिले १०० म्हणजे ४३,७००. ही संख्या तिथे मावत नाही. ती ६५,५३६ ने कमी होऊन उणे २१,८३६ बनते आणि तिला ५०० ने भागल्यावर विद्यार्थ्याला दहावीत उणे ४३ टक्के मिळतात.

एक चूक दुरुस्त करताना दुसरी कशी आत शिरते, हे दाखवायला याहून नेटकं उदाहरण सापडणार नाही. खरा उपाय दोन्ही वेळा एकच होता: गुणांची संख्या दशांशाची आहे, हे भाषेला सांगणं. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीतही ७ भागिले २ चं उत्तर ३ येत असे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हे बदललं. आता एक तिरकी रेघ दिली की ३.५ मिळतात आणि दोन तिरक्या रेघा दिल्या की ३. नवशिक्यांसाठी हा बदल मोलाचा ठरला, कारण पूर्णांक हवा की दशांश हे आता लिहिणाऱ्याला स्वतः ठरवून सांगता येतं.

संख्या न मावण्याचा अनुभव फॅक्टोरिअलच्या प्रोग्रामातही हमखास येतो. १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करायचा, एवढाच तो प्रोग्राम. लूप शिकवताना तो असतोच. टर्बो सीमध्ये ७ चं फॅक्टोरिअल ५,०४० बरोबर येई आणि ८ चं मात्र उणे २५,२१६. खरं उत्तर ४०,३२० आहे. धन संख्यांच्या गुणाकारातून ऋण उत्तर आलं की विद्यार्थी निदान दचकतो तरी. आजच्या ३२ बिटांच्या ‘इंट’मध्ये १२ पर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि १३ ला उत्तर येतं १,९३२,०५३,५०४. धन संख्या, भरपूर अंक, दिसायला अगदी फॅक्टोरिअलसारखी, आणि साफ चुकीची. बरोबर उत्तर ६,२२७,०२०,८०० आहे. शेवटी शून्यं पुरेशी नाहीत हे ज्याच्या लक्षात येईल, त्यालाच शंका येते: १३ च्या फॅक्टोरिअलमध्ये ५ आणि १० हे दोन्ही अवयव आहेत, म्हणजे शेवटी किमान दोन शून्यं हवीतच. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. १०० चं फॅक्टोरिअल मागितलं तर १५८ अंकी उत्तर तो क्षणात छापतो.

दशांश अपूर्णांकांची कथा याहून गंभीर आहे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ आहे का, असं पायथनला विचारलं तर तो ‘नाही’ म्हणतो. बेरीज छापायला सांगितली तर ०.३०००००००००००००००४ दिसतात. एक तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत ०.३३३ असा न संपता लिहावा लागतो. संगणक द्विमान पद्धतीत काम करतो आणि त्याच्यासाठी एक दशांशसुद्धा असाच न संपणारा अपूर्णांक आहे. कुठेतरी तो तोडावा लागतो आणि तोडला की सूक्ष्म चूक उरते.

सूक्ष्म चूक साचली की काय होतं, हे २५ फेब्रुवारी १९९१ रोजी दिसलं. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. ही यंत्रणा वेळ एक दशांश सेकंदाच्या एककात मोजत असे आणि सेकंद काढण्यासाठी त्या मोजणीला ०.१ ने गुणत असे. तो ०.१ २४ बिटांत तोडून बसवलेला होता. यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू राहिली, तेव्हा चूक एक तृतीयांश सेकंदापर्यंत वाढली. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा आकाशातल्या चुकीच्या जागी शोध घेत राहिली.

दुकानाच्या बिलाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या नवशिक्याला म्हणून एक सल्ला पहिल्याच दिवशी द्यायला हवा: रुपये दशांशात ठेवू नका, सगळा हिशेब पैशांच्या पूर्णांकात करा आणि छापताना शंभराने भागा. १९ रुपये ९० पैसे म्हणजे १९९०. मग कुठेही काही तुटत नाही.

बेरीज, गुणाकार, भागाकार यांच्या तुलनेत बाकीकडे शाळेत फारसं कुणी लक्ष देत नाही. प्रोग्रामिंगमध्ये मात्र तिचा मान मोठा आहे. सी आणि पायथन या दोन्ही भाषांत टक्क्याचं चिन्ह बाकी काढायला वापरतात. २ ने भागून बाकी शून्य आली तर संख्या सम. ७ ने भागून येणाऱ्या बाकीवरून वार काढता येतो. पण बाकीचा खरा उपयोग संख्येतले अंक सुटे करण्यासाठी होतो. १९६० ला १० ने भागलं की बाकी शून्य, हा एककाचा अंक. भागाकार १९६. त्याला पुन्हा १० ने भागलं की बाकी ६, भागाकार १९. मग ९, मग १. प्रोग्राम चालवण्याआधी कागदावर असा एकेक टप्पा लिहून पाहण्याला मुलं ‘ड्राय रन’ म्हणतात. संगणकाजवळ बसण्याची घाई झालेल्या विद्यार्थ्याला हे कंटाळवाणं वाटतं, पण चूक पकडण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

अंक सुटे करता आले की नवशिक्यासमोर एक सुंदर दालन उघडतं, आणि ते दालन उघडून देणारा माणूस नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. फर्ग्युसन कॉलेजात असताना, १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीला शिक्षक होते. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती, संगणक तर नव्हताच. हाती होते ते कागद, पेन्सिल आणि संख्यांचा अपार लळा. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोहोचलं. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं. आज ज्यांना प्रोग्रामिंग शिकायचं आहे त्यांच्यासाठी त्यांनी ठेवलेला स्वाध्यायसंग्रह कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा रसाळ आहे.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी मांडलेली कृती अशी. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तरावर हेच पुन्हा करा. महाराष्ट्राच्या स्थापनेचं वर्ष घेऊ, १९६०. ९६१० वजा ०१६९, उत्तर ९४४१. मग ९४४१ वजा १४४९ म्हणजे ७९९२. पुढे ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. तिथून पुढे ७६४१ वजा १४६७ केलं तरी पुन्हा ६१७४. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत हा मुक्काम येतो. १९६० ला सातही लागतात.

हा प्रोग्राम लिहायला पायथनच्या वीसेक ओळी पुरतात. मग १००० ते ९९९९ या सगळ्या नऊ हजार संख्या एका लूपमधून सोडायच्या आणि कुठली संख्या ६१७४ ला पोहोचत नाही ते छापायचं. पोहोचणार नाहीत अशा नऊच असायला हव्यात: ११११, २२२२ पासून ९९९९ पर्यंत. प्रत्यक्षात कित्येकांच्या पडद्यावर ७७ संख्यांची यादी येते. नऊ अपेक्षितच होत्या, उरलेल्या अडुसष्ट कुठून आल्या?

यादीतली २१११ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. कापरेकरांच्या कृतीत हे ०९९९ धरायचं, त्यामुळे पुढची वजाबाकी ९९९० वजा ०९९९, उत्तर ८९९१. मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. पण प्रोग्रामला ९९९ ही तीन अंकीच संख्या दिसते. तो ९९९ मधून ९९९ वजा करतो आणि शून्यावर येऊन बसतो. १०००, १११२, ३४४४, ९८८८ या सगळ्यांचं असंच होतं, कारण या अडुसष्ट संख्यांत तीन अंक एकसारखे असतात आणि चौथा त्यांच्याहून एकाने कमी किंवा जास्त. त्यामुळे पहिलीच वजाबाकी ९९९ येते.

चूक नेमकी कुठे आहे, हे शोधताना विद्यार्थी खूप काही शिकतो. संख्या शून्य होईपर्यंत अंक काढत राहा, अशी सूचना दिली तर ९९९ चे तीनच अंक निघतात. बरोबर चार वेळा १० ने भागा, अशी सूचना दिली तर चौथ्या वेळी बाकी शून्य मिळते आणि हवा तो चौथा अंक हाती येतो. संख्येची अक्षरमाळ करून अंक वेगळे करणाऱ्याला माळेच्या पुढे शून्य भरून तिची लांबी चार करावी लागते. पायथनमध्ये त्यासाठी ‘झेडफिल’ आहे. पहिल्या प्रोग्रामात अक्षरमाळ आणि संख्या यांच्यातला जो फरक उत्तर बिघडवत होता, तोच इथे उपयोगी पडतो: माळेत पुढचं शून्य टिकतं, संख्येत टिकत नाही. नऊ हजारपैकी अडुसष्ट म्हणजे शंभरात एकही नाही. चार-पाच संख्या घालून पाहणाऱ्याला ही चूक बहुधा दिसणारच नाही, सगळ्या संख्या तपासणाऱ्यालाच ती सापडते.

कापरेकरांच्या इतर संख्याही अशाच प्रोग्रामात मावतात. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग केले की बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८,२०९; ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४,९४,२०९ आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. त्या शोधणाऱ्या प्रोग्रामात एक बारकावा आहे: भाग कुठे पाडायचा? दोन अंकी संख्येच्या वर्गात उजवीकडचे दोन अंक एका भागात, तीन अंकी संख्येच्या वर्गात तीन. म्हणजे १०० ने किंवा १००० ने भागून एकदा भागाकार घ्यायचा, एकदा बाकी. पुन्हा बाकीचीच करामत.

मग देवळाली संख्या, म्हणजेच स्वयंभू संख्या. २१ मध्ये तिचे अंक मिळवले, २१ अधिक २ अधिक १, की २४ येतात. २१ ही २४ ची जनक. काही संख्यांना मात्र जनकच नसतो, उदाहरणार्थ २०. शंभरच्या आत अशा तेरा संख्या आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. त्या शोधण्याचा सोपा मार्ग उलटा आहे. शंभरापर्यंतच्या प्रत्येक संख्येचं अपत्य काढायचं, त्यावर खूण करायची आणि शेवटी खूण नसलेल्या संख्या छापायच्या. एकेका संख्येचा जनक शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं, आणि प्रश्न उलटा करून पाहण्याची ही युक्ती पुढे मोठ्या प्रोग्रामांतही सतत लागते.

६१७४ चा प्रोग्राम जमला की पुढचा मोह होतो तो अंकांची संख्या बदलण्याचा. तीन अंकी संख्यांसाठी फारसे बदल लागत नाहीत आणि सगळ्या वाटा ४९५ ला येऊन मिळतात. पाच अंकी संख्येला मात्र नवशिक्याचा प्रोग्राम अनेकदा थांबतच नाही. ५३९५५ देऊन पाहा. ९५५५३ वजा ३५५५९ म्हणजे ५९९९४. ९९९५४ वजा ४५९९९ म्हणजे पुन्हा ५३९५५. या दोन संख्या एकमेकींकडे बोट दाखवत राहतात. आणखी दोन फेरे चार-चार संख्यांचे आहेत: एक ६१९७४ चा, दुसरा ६२९६४ चा. पाच अंकांसाठी ६१७४ सारखी एकही मुक्कामाची संख्या नाही. ‘उत्तर बदलायचं थांबलं की थांब’ ही सूचना चार अंकांना पुरली होती, इथे ती कधीच लागू होत नाही. विद्यार्थी कंट्रोल आणि सी दाबून प्रोग्राम बंद करतो, कागद पुढे ओढतो आणि येऊन गेलेल्या प्रत्येक संख्येची नोंद ठेवायची ठरवतो, म्हणजे एखादी संख्या दुसऱ्यांदा आली की थांबता येईल. त्यासाठी पायथनमध्ये त्याला आता ‘लिस्ट’ शिकावी लागते.